शकिलाचाचीच्या पोटात राहिलेली गोष्ट

तासगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, बढती, नवा ट्रॅक्टर, काहीही असो, माणसाचा चेहरा मोठा करून चौकात टांगणं हा माझा धंदा. मधोमध ज्याचं कौतुक आहे तो आणि खाली ओळीनं शुभेच्छुक. शुभेच्छुकांचे फोटो छोटे, पण भांडणं सगळी त्यांचीच. कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी आला, कुणाचा गॉगल राहिला, यावरून सख्खे मित्र माझ्या दुकानातून पाठ फिरवून गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे चेहरा दाखवायची हौस काय असते हे मला कुणी शिकवू नये. आमच्या गल्लीतल्या शकिलाचाचीची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्याचमुळे. तिच्यातली काही नावं आणि ठिकाणं मी मुद्दाम गाळली आहेत, काही बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच, तोवर खोदून विचारू नका.

चाचीचं माहेर म्हसवडकडचं. लग्न होऊन ती तासगावात मोहिद्दीनचाचांच्या घरी आली. चाचा ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलींच्या सीटा शिवतात. ते फार बोलत नाहीत, कारण तोंडात बहुतेक वेळ दोरा असतो. घरातलं बोलायचं खातं पहिल्यापासून चाचीकडे आहे आणि ते तिनं दोघांच्या वाटचं सांभाळलं आहे. बेदाण्याचा हंगाम आला की ती शेडवर निवडायला जाते. तिथं बायका ओळीनं बसतात, पुढ्यात बेदाण्याचा ढीग, त्यातली काडी, देठ, काळा मणी बाजूला करायचा. हात चालू आणि तोंडही चालू. चाचीला दुसरं काय हवं?

आमच्या गल्लीत पाहुणा आला तर त्याची गाडी बंद व्हायच्या आत तो कुणाचा कोण, हे चाचीला कळलेलं असतं. आणि तो चहा पिऊन उठेपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलेलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही. तिला गुपित सांगणं म्हणजे माझ्याकडे फ्लेक्सची ऑर्डर देण्यासारखंच होतं, फक्त छपाईचा वेळ वाचायचा. माझं आणि मायाचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला ते चाचीकडून कळलं. मी ते आईला सांगायचा मुहूर्तच शोधत होतो.

अशा या चाचीच्या शेजारी एकदा सांगलीहून येणाऱ्या एसटीत एक उंच, काळीसावळी पोरगी येऊन बसली. मांडीवर बॅग, हातात कॉलेजच्या प्रवेशाचे कागद. आफ्रिकेतल्या एका देशातून ती आमच्याकडे फार्मसी शिकायला आली होती. वसतिगृहात जागा नव्हती आणि सकाळपासून ज्यांची दारं वाजवली त्या प्रत्येकानं खोली नुकतीच दिली असं सांगितलं होतं. खरं काय ते तिलाही समजलं होतं. हे सगळं चाचीनं तिच्याकडून कोणत्या भाषेत काढून घेतलं ते अल्लाला ठाऊक, कारण पोरीला इंग्रजी येत होतं आणि चाचीला येत नव्हतं. मग दमलेली पोरगी चाचीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तासगाव स्टँडला चाचीनं तिला उठवलं, बॅग स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि घरी आणलं. चाचांना म्हणाली, चार दिवस राहील. पोरगी शिक्षण संपेपर्यंत राहिली.

तिचं खरं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून चाचीनं तिचं नाव मदिहा ठेवलं. गल्लीसाठी ती तेवढीच. सुरुवातीला पोरं तिच्या केसांना हात लावून पळायची. मग तिनंच त्यांना पकडून त्यांच्या डोक्यावर तसल्याच बारीक वेण्या घालायला सुरुवात केली आणि पोरांच्या आया वैतागल्या. एकदा तिनं चाचीच्या चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला आणि आमच्या देशाचं जेवण म्हणून मोठ्या अभिमानानं पुढं ठेवला. चाचीनं चव घेतली, ही तर आपली उकड म्हणाली, आणि वर लसणाची चटणी वाढली. मदिहानं दोनदा मागून घेतलं. सुटीच्या दिवशी ती चाचीबरोबर शेडवर जायची आणि बायकांच्या ओळीत बसून बेदाणा निवडायची. मराठी ती तिथंच शिकली, त्यामुळे शिव्या आधी आल्या.

तिथंच निवडता निवडता तिनं चाचीला आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. त्याला ताप आला, गोळ्या दिल्या, ताप उतरेना, म्हणून आणखी गोळ्या दिल्या. पोरगं गेल्यावर कळलं की गोळ्यांत औषध नव्हतंच, निव्वळ खडूची भुकटी होती. म्हणून तिला औषधांचं शिकायचं होतं. चाचीनं अर्थातच हे गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, आणि प्रत्येक घरी नव्यानं रडली.

आता शेळीचं सांगितलं पाहिजे. माझी आई मुक्ताबाई, तिची शेळी एके दिवशी नाहीशी झाली. आईनं गल्लीभर आरडाओरडा केला, पण कुणीच काही पाहिलं नव्हतं. चाचीनं मदिहाला बरोबर घेतलं, हातात वाटी घेतली आणि विरजण मागायच्या निमित्तानं घरोघर फिरली. मागच्या गल्लीत लालासाहेबांकडे ती लसूण सोलायला बसली. शेळीचा शब्द नाही. लालासाहेबांच्या बायकोच्या आईची तब्येत विचारली, पोराची नोकरी विचारली, मग तिच्या मनगटाला लावलेला बाम विचारला. ती बाई बिचारी सांगून गेली, की काल रात्री नवऱ्याचे दोस्त मटणाच्या जेवणाला आले होते, वाटण वाटून वाटून हात भरून आले. चाची विरजण घेऊन घरी आली, आणि येताना प्रत्येक दारी ती मटणाची पंगत सांगत आली. संध्याकाळी लालासाहेब स्वतः नवी शेळी घेऊन आमच्या दारात उभे राहिले, आणि चाचीशी मात्र त्यांनी कायमचं वाकडं धरलं. मदिहाला नवल वाटलं. तिनं विचारलं, की सरळ शेळीचंच का नाही विचारलं?

चाची म्हणाली, "शेळीचं इचारलं आसतं तर तिनं दार लावलं आसतं. म्या तिच्या हाताचं इचारलं. ते तिला कुनी इचारत न्हाई."

मदिहानं ते वहीत लिहून घेतलं, ते मला आठवतं.

शिक्षण संपत आलं तेव्हाच चाचीच्या लेकीचं, तरन्नुमचं लग्न झालं. मदिहा हिरवी साडी नेसून करवलीसारखी मिरवली. चाचीला एक सवय आहे. कुणी आवडलं, कुणी सजलं, कुणाचं चांगलं झालं, की ती दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरवते आणि मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडते, दृष्ट लागू नये म्हणून. त्या दिवशी मदिहानंही ती सवय उचलली आणि नवरीपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांची दृष्ट काढत सुटली. त्या दोघींचा एक फोटो आहे, गालाला गाल लावून हसतानाचा. इतकी खुशीत असलेली माणसं माझ्या फ्लेक्सवर फारशी येत नाहीत.

मदिहा शिकून मायदेशी गेली, तिथं औषधांवर वर्तमानपत्रात लिहायला लागली, आणि दर ईदेला तिचा फोन यायचा. मग एका वर्षी आला नाही, आणि नंबर बंद झाला. चाची म्हणायची, पोरी अशाच जातात आपापल्या वाटेनं. पण शीरखुर्म्याची एक वाटी ती बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी आपणच खायची. तिच्या मनाला लागलं होतं, आणि ते तिनं प्रत्येकाला सांगितलंही होतं.

गेल्या वर्षी माझी बायको माया दारात बसून मोबाईल बघत होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यांच्या नर्सांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. आफ्रिकेतल्या एका महिला पत्रकारानं खोट्या औषधांचा मोठा धंदा उघड केला, कारखान्यात कामगार म्हणून शिरून सगळं शोधून काढलं, आणि त्याबद्दल तिला युरोपात फार मानाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्हिडिओत ती मंचावर उभी होती, पण तोंडावर काळं कापड, डोळ्यांपुरती जाळी. चाची मायाच्या खांद्यावरून बघत होती, कारण दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये बघणं हा ती आपला हक्क समजते. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं पुरस्कार हातात दिला. त्या झाकलेल्या बाईनं तो बगलेत धरला, दोन्ही हात म्हातारीच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. म्हातारी गोंधळली. सभागृहाला काही कळलं नाही. आमच्या दारात मात्र चाचीनं मोबाईल मायाच्या हातातून ओढून घेतला.

"माया, ही माजी मदिहा हाय," ती म्हणाली.

अर्ध्या तासात तासगावाला कळलं. पुढच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेले आमचे भाऊसो लगेच आले. तासगावची लेक जगात गाजली, चौकात मोठा फ्लेक्स झालाच पाहिजे, म्हणाले. लालासाहेबांनी चहाच्या टपरीवर विचारलं, की तोंड दिसत नाही त्या बाईला ओळखलं कशावरून, बोटांच्या आवाजावरून? लोक हसले. चाचीला ते झोंबलं. तिनं पेटी उघडली, तरन्नुमच्या लग्नातला तो फोटो काढला आणि माझ्या दुकानात आली. आता बघू कोण हसतं ते, असा तिचा आवेश होता.

मी फोटो स्कॅन केला. मधोमध मदिहाचा चेहरा, भिंतीएवढा, आणि तिच्या गालाला लागून चाची. भाऊसोंनी मोठ्या मनानं चाचीलाही मध्यभागी राहू दिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ढिगातल्या काड्या निवडलेल्या बाईचा फोटो पहिल्यांदाच चौकात लागणार होता. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून ओढणीची चुणी जरा सारखी कर म्हणून सांगत होती. इतकी आनंदात मी तिला तरन्नुमच्या लग्नानंतर पाहिली नव्हती.

तेवढ्यात माया आली. तिनं त्या पत्रकाराची मराठीत आलेली मुलाखत शोधली होती आणि ती आम्हाला वाचून दाखवायला आणली होती. तोंड का झाकतेस, असं कुणीतरी विचारलं होतं. उत्तर असं होतं, की ज्यांचा धंदा बुडाला ती माणसं मला शोधत आहेत. त्यांचे हात बऱ्याच देशांत आहेत, माझ्या एका सहकाऱ्याचं घर त्यांनी जाळलं, पण माझा चेहरा त्यांच्याकडे नाही म्हणून मी जिवंत आहे आणि काम करते आहे. जुनी सगळी माणसं त्यासाठीच तोडावी लागली. शेवटी विचारलं होतं, लोकांना बोलतं करायला कुठं शिकलीस? ती म्हणाली होती, एका बाईच्या शेजारी बसून बेदाणा निवडताना. बाई कोण, कुठल्या गावची, ते मात्र सांगणार नाही, माझ्यापायी तिच्या दाराशी कुणी जायला नको.

चाचीनं मायाला ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती माझ्या कॉम्प्युटरकडे बघत राहिली. आमच्या गावचा फ्लेक्स म्हणजे काय चीज आहे हे तिलाही ठाऊक होतं. तो बांधायच्या आधी त्याचा फोटो निघतो, आणि मिरजेला पोचायच्या आत दुबईला पोचतो, कारण घरटी एक पोरगा तिकडे आहे. मी प्रिंटर बंद केला.

"पूस," चाची म्हणाली.

मी म्हटलं, चाची, मग लोक तुला खोटी म्हणतील.

"म्हनू दे. तिनं माजं नाव झाकलं, आन मी तिचं तोंड उघडं पाडू व्हय?"

मी फाईल पुसली, स्कॅन पुसला, कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. फोटो तिच्या हातात दिला. तो फाडायला काही तिचा हात होईना. घरी जाऊन तिनं तो चाचांना दिला. चाचांनी एक शब्द न बोलता घरातल्या लोखंडी खुर्चीची पाठ उसवली, फोटो फोमच्या आत ठेवला, वर नवं रेक्झिन चढवलं आणि शिवून टाकलं. पुढं दोनच दिवसांत भाऊसो फोटो मागायला आले आणि नेमके त्याच खुर्चीत रेलून बसले. चाचीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की माझीच चूक झाली, डोळे अधू झालेत, ती बाई दुसरीच कुणीतरी आहे. आणि तो जुना फोटो उंदरांनी खाल्ला. भाऊसो हळहळले. फोटोवर पाठ टेकूनच हळहळले.

मग चाचीनं आणखी एक काम केलं. लग्नाला आख्खी गल्ली होती, म्हणजे मोबाईलही होते. ती मायाला घेऊन घरोघर गेली. मदिहाचं नाव काढलं नाही. नातवाचे दात विचारले, सुनेचं बाळंतपण विचारलं, आणि मग तरन्नुमच्या लग्नातले फोटो बघूशा वाटतात म्हणाली. फोटो बघताना माया मोबाईल हातात घ्यायची, आणि परत देताना त्यातली हिरवी साडी गेलेली असायची. विरजणाची वाटी तेवढी या वेळी नव्हती.

गावानं तिची व्हायची तेवढी थट्टा केली. लालासाहेबांना तर चेवच चढला, ते तिला भर रस्त्यात आफ्रिकेची खबर विचारायचे. पोरं बोटं मोडून दाखवायची. मायाचा संताप व्हायचा, खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि मलाही वाटायचं. चाची मात्र स्वतःही हसायची, वय झालं म्हणायची आणि पुढं जायची. जिनं कधी डाळीत मीठ जास्त पडल्याचं लपवलं नाही, तिनं हे एवढं मोठं कसं दाबून धरलं असेल? आम्ही दोघंही त्याबद्दल तिच्याशी बोललो नाही, आणि तीही आमच्याशी बोलली नाही.

फ्लेक्सचं म्हणाल तर चौकात सांगाडा उभा झाला होता आणि शुभेच्छुकांची ओळ छापायला तयार होती. ती माणसं ऐकेनात. शेवटी मधल्या जागेत भाऊसोंनी आपलाच फोटो टाकून घेतला. वर 'हार्दिक अभिनंदन' तसंच राहिलं. कशाबद्दल, ते कुठंच नव्हतं. लोक येऊन त्यांना हार घालत होते, आणि ते घालून घेत होते.

यंदाच्या हंगामात एक दिवस दुपारी मी जेवायला घरी आलो. आमच्या आणि चाचीच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे चाची बेदाण्याचा छोटा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती आणि शेजारी बुरख्यातली एक उंच पाहुणी होती. चाचा दाराशी सीट शिवत होते, पण दोरा तोंडातच होता आणि सुई चालत नव्हती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि काड्या बाजूला करत होत्या. पाहुणीच्या हाताला सराव होता. मध्येच ती हसली, आणि मी ताट सारून उठलो.

निघताना ती उठली. नकाब वर केला, चाचीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग चाचीनं तिची दृष्ट काढली. असं त्या दोघींनी किती वेळा केलं कुणास ठाऊक, कुणाचंच समाधान होईना. चाची रडत होती आणि हसतही होती. मी चेहरे छापणारा माणूस आहे, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. पण तो आता कसा दिसतो, ते मी लिहिणार नाही.

संध्याकाळी मी भिंतीशी गेलो. चाची उरलेला बेदाणा डब्यात भरत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण आलं होतं? तिनं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं.

"म्हसवडची हुती. माज्या मावशीची सून."

म्हसवडच्या तिच्या साऱ्या मावश्या, त्यांच्या सुना, सुनांची माहेरं मला पाठ आहेत, तिनंच इतक्या वर्षांत सांगितलेली. त्यांत एवढी उंच कुणी नाही. मी मान हलवली. तिनं मूठभर बेदाणा माझ्या हातावर ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊसो वाढदिवसाच्या फ्लेक्सची ऑर्डर द्यायला दुकानात आले. फोटो निवडता निवडता त्यांनी विचारलं, "काल शकिलाचाचीकडं कोन आलंतं रं? उंच बाई हुती म्हनं."

मी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "म्हसवडची. तिच्या मावशीची सून."